गच्चीवरची रेडिओ दुर्बीण: शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छपरावर गंजत पडलेली डीटीएचची डिश, तिचा एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा, लहरी पकडणारा भाग) आणि डिश बसवणारे कारागीर सिग्नलचा जोर पाहायला वापरतात तो सॅट फाइंडर, एवढ्या सामानावर सूर्याच्या रेडिओ लहरी मुलांना दाखवता येतात. शाळांमधून आणि विज्ञान मंडळांमधून पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. आकाशगंगेतला हायड्रोजन टिपणाऱ्या पुढच्या टप्प्याच्या दुर्बिणीबद्दलही खाली लिहिलं आहे.

ही दुर्बीण नेमकं काय मोजते? आकाशातले आवाज ऐकू येतात का?

ती तापमान मोजते. ही एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसली की पुढचे सगळे प्रयोग आपोआप उलगडतात. प्रत्येक वस्तू स्वतःच्या उष्णतेमुळे रेडिओ लहरी बाहेर टाकत असते आणि या लहरींची तीव्रता तापमानाच्या प्रमाणात वाढते. जमीन, भिंत, झाड, माणूस हे सगळे साधारण ३०० केल्विनचे. डीटीएचच्या वारंवारितेला, म्हणजे १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, डोक्यावरचं निरभ्र आकाश मात्र जेमतेम १० केल्विनचं भरतं. म्हणून डिश आकाशाकडे वळली की फाइंडरचा काटा पडतो आणि भिंतीकडे वळली की चढतो.

आवाजाबद्दल: फाइंडरची शिट्टी हा फाइंडरचाच आवाज असतो. सिग्नल वाढला की ती मोठी होते, इतकंच. ‘सूर्याचा आवाज ऐका’ असं मुलांना सांगू नये. ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही.

कमीत कमी काय सामान लागेल?

६० सेंटीमीटरच्या आसपासची डिश, तिच्यावरचा एलएनबी, काट्याचा सॅट फाइंडर, दोन-तीन मीटर आरजी-६ केबल (डीटीएचची असते तीच), तिच्या टोकांना लावायचे चार एफ कनेक्टर आणि १२ व्होल्टची बॅटरी. यूपीएसमध्ये असते ती बॅटरी उत्तम. डिश भंगारवाल्याकडे किंवा सोसायटीच्या गच्चीवर मिळते. लोक सेट टॉप बॉक्स बदलतात आणि जुनी डिश तिथेच सोडून देतात. फाइंडर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात काही शे रुपयांना मिळतो. आकडे दाखवणारा डिजिटल फाइंडर घेऊ नका. त्यातले बरेचसे ठरावीक उपग्रहाचा सिग्नल ओळखण्यासाठी बनवलेले असतात आणि सूर्य त्यांच्या हिशेबात नसतो. स्वस्त, काट्याचाच हवा.

सेट टॉप बॉक्स लागतो का? जोडणी कशी करायची?

बॉक्स लागत नाही. घरी एलएनबीला वीज बॉक्सकडून केबलमधूनच मिळते, १३ किंवा १८ व्होल्ट. आपण तेच काम बॅटरीकडून करून घेतो. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या पुढे असते आणि बहुतेक एलएनबी तेवढ्यावर व्यवस्थित चालतात.

फाइंडरला दोन तोंडं असतात. ‘एलएनबी’ लिहिलेल्या तोंडाला एलएनबीकडून आलेली केबल लावा. ‘रिसीव्हर’ लिहिलेल्या तोंडाला दुसरा केबलचा तुकडा लावून त्याची मधली तार बॅटरीच्या धन टोकाला आणि वरची जाळी ऋण टोकाला जोडा. मध्ये एक अँपिअरचा फ्यूज घालाच. एफ कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट होतं, आणि जोडणी चालत नसेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

सुरुवात सूर्यापासून करायची का?

नाही. आधी डिश बाजूला ठेवा आणि नुसता एलएनबी हातात घ्या. मैदानात उभं राहून तो डोक्यावरच्या आकाशाकडे रोखा आणि फाइंडरचा नॉब फिरवून काटा खालच्या चतुर्थांशात आणा. आता एका मुलाला एलएनबीच्या तोंडासमोर तळहात धरायला सांगा. काटा उसळतो. तो तळहात रेडिओ लहरी टाकतो आहे, हे त्या मुलाला स्वतःच्या हाताने कळतं, आणि माझ्या मते या सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. सूर्याचा प्रयोग त्यानंतर.

मग एलएनबी झाडाकडे, इमारतीकडे, जमिनीकडे वळवून बघा. सगळीकडे काटा वर. आता स्टीलचं मोठं ताट घ्या आणि एलएनबीसमोर तिरकं असं धरा की ताटात आकाशाचं प्रतिबिंब पडेल. काटा खालीच राहतो. ताट हाताइतकंच गरम आहे, तरी काटा का चढला नाही? उत्तर लगेच देऊ नका, मुलांना भांडू द्या. धातू लहरी परावर्तित करतो आणि स्वतः फारशा टाकत नाही. एलएनबीला दिसतं ते ताट नव्हे, ताटातलं थंड आकाश. डिश पत्र्याची का असते याचंही उत्तर त्यातच आलं.

वर्गात बसून हे सगळं दाखवता येईल का?

तळहाताचा प्रयोग वर्गात फसतो. भिंती, छत, बाकं, मुलं सगळी एकाच तापमानाला असल्याने काटा हलतच नाही. पण आधी वर्गात करून मग मैदानात केलात तर तो फरकच धडा होतो. शाळेत जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट असेल तर वर्गातही एक गोष्ट करता येते: एलएनबी नळीजवळ धरा आणि बटण चालू-बंद करा. पेटलेल्या नळीतल्या वायूतले इलेक्ट्रॉन हजारो केल्विनचे असतात, त्यामुळे काटा चढतो. एलईडीच्या ट्यूबवर हे होत नाही.

डिश सूर्याकडे रोखायची कशी? समोरून रोखली तरी काही मिळत नाही.

डीटीएचची डिश दिसते तिकडे बघत नाही. ती ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो आणि डिशची नजर तिच्या पाठीच्या काटकोनापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर असते. डिश अगदी उभी दिसत असेल तेव्हाही ती तेवढं वरचं आकाश पाहत असते. त्यामुळे सूर्य ४५ अंशांवर असला तर डिश फक्त वीसेक अंश मागे कललेली हवी.

यावर सोपा उपाय आहे. नखाएवढे आरशाचे चार-पाच तुकडे डिशवर वेगवेगळ्या ठिकाणी दुतर्फी टेपने चिकटवा. डिश सूर्याकडे नीट वळली की सगळे कवडसे एलएनबीच्या तोंडावर एकत्र येतात. एकदा जमलं की एलएनबीची सावली डिशच्या खालच्या कडेजवळ कुठे पडते तिथे खूण करून ठेवा. पुढच्या वेळी नुसत्या सावलीवर काम भागतं.

संपूर्ण डिशला चकचकीत कागद किंवा अॅल्युमिनियमचा फॉइल कधीही लावू नका. मग ती सूर्यचूल होते आणि एलएनबीचं प्लॅस्टिक वितळतं. डिशवरचा राखाडी रंग मंद असतो तो यासाठीच. आणि सूर्याकडे थेट पाहायचं नाही, ही सूचना प्रत्येक गटाला वेगळी द्यावी.

वेळ सकाळी नऊ ते साडेदहा किंवा दुपारी तीननंतरची बरी. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि साध्या स्टँडवर डिश तेवढी मागे झुकत नाही.

काटा चढला तो सूर्यामुळे की एखाद्या टीव्हीच्या उपग्रहामुळे?

हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांची पाठ थोपटा. ओळखायची खूण साधी आहे: डिश हलवू नका आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. भूस्थिर उपग्रह जागचा हलत नाही, त्यामुळे काटा तसाच राहील. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे काटा उतरू लागेल.

उपग्रह कुठे असतात हेही दाखवून द्या. डीडी फ्री डिशचे चॅनेल देणारा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे; पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर लागतो. तिथे डिश नेली की काटा थेट शेवटाला टेकतो, सूर्यापेक्षाही जोरात. महाराष्ट्रातून पाहिलं तर या उपग्रहांची रांग आकाशाच्या विषुववृत्तापासून सुमारे ३ अंश दक्षिणेला सरकलेली दिसते. सूर्य त्या रांगेवर वर्षातून दोनदा येतो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या दिवसांत ठरावीक वेळी काही मिनिटं घरच्या टीव्हीचं चित्र अडखळतं, कारण सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरी उपग्रहाचा सिग्नल बुडवतात. म्हणजे घरची डिश त्या दिवशी स्वतःहून रेडिओ दुर्बीण झालेली असते. मुलांना आधी तारीख सांगून घरी वेळ टिपून आणायला लावा. हा गृहपाठ ती आनंदाने करतात.

आपल्या प्रयोगासाठी मात्र डिसेंबर-जानेवारी उत्तम. सूर्य तेव्हा उपग्रहांच्या रांगेपासून वीस अंश दूर असतो, आकाश स्वच्छ असतं आणि ऊनही सोसवतं.

सूर्याचं चित्र का मिळत नाही?

डिशची नजर फार रुंद असते म्हणून. नजरेची रुंदी अंशांत काढायला तरंगलांबीला व्यासाने भागून साधारण ७० ने गुणायचं. १२ गिगाहर्ट्झची लाट अडीच सेंटीमीटरची, डिश ६० सेंटीमीटरची, म्हणजे रुंदी जवळजवळ ३ अंश. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. त्या तीन अंशांत काय काय आहे याची डिश एकच बेरीज सांगते. लाट लांब असली तर डिशही मोठी लागते, आणि नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश, प्रत्येकी ४५ मीटरच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरून का ठेवल्या आहेत ते या एका भागाकारातून आठवीच्या मुलालाही समजतं.

नुसता काटा हलवून दाखवण्यापलीकडे मोजमाप काही करता येतं का?

येतं, आणि करायलाच हवं. पहिलं मोजमाप डिशच्या नजरेचं. डिश सूर्याच्या थोडी पुढे, तो जिकडे सरकणार आहे तिकडे रोखून घट्ट बसवा. दर अर्ध्या मिनिटाला एक मूल काटा वाचेल, दुसरं लिहील. आलेखावर घंटेच्या आकाराचा उंचवटा मिळतो. अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी जितकी मिनिटं असेल, त्याला चारने भागलं की अंश मिळतात, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. बारा मिनिटांच्या आसपास उत्तर आलं तर वरच्या भागाकाराशी ते जुळलं.

दुसरं मोजमाप सूर्याच्या तापमानाचं. त्याला फाइंडर पुरत नाही, कारण काट्याची चाल सिग्नलच्या सरळ प्रमाणात नसते. इथे यूएसबीला लागणारा एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल संगणकाला वाचता येईल असा करणारा छोटा रिसीव्हर) आणि लॅपटॉप हवा. एलएनबी आकाशातली वारंवारिता कमी करून ९५० मेगाहर्ट्झपासून पुढे केबलमध्ये सोडतो आणि ती डोंगलच्या आवाक्यात येते. दोन काळज्या घ्या: एलएनबीचे १२ व्होल्ट डोंगलमध्ये शिरू नयेत यासाठी मध्ये पॉवर इन्सर्टर किंवा डीसी ब्लॉक घाला, आणि सॉफ्टवेअरमधला स्वयंचलित गेन, म्हणजे सिग्नल आपोआप कमी-जास्त करण्याची सोय, बंद करा. तो चालू राहिला तर सिग्नल वाढताच डोंगल स्वतःच तो दाबून टाकतो.

आता तीन वाचनं घ्या: भिंत, मोकळं आकाश, सूर्य. समजा, भिंतीची शक्ती आकाशाच्या साडेतीन पट आली. भिंत ३०० केल्विन, आकाश १० केल्विन आणि उपकरणाचा स्वतःचा गोंगाट ‘ग’ धरला तर ३०० + ग = ३.५ × (१० + ग). यातून ग निघतो १०६ केल्विन. म्हणजे आकाशाकडे पाहताना एकूण ११६. सूर्यावर शक्ती आकाशाच्या अडीच पट आली तर एकूण २९०, म्हणून सूर्याचा वाटा १७४ केल्विन. पण सूर्याने डिशच्या नजरेचा साधारण ४३ वा भागच व्यापलेला असतो, म्हणून १७४ ला ४३ ने गुणायचं: साडेसात हजारांच्या आसपास. डिशची काही ऊर्जा कडेकडेने वाया जाते, ती धरली तर आकडा आणखी वर, दहा हजारांच्या घरात जातो.

इथे एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल की पुस्तकात तर सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५,८०० केल्विन दिलंय. दोन्ही बरोबर. आपल्याला दिसणारा उजेड सूर्याच्या प्रकाशावरण नावाच्या थरातून येतो. १२ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याच्या वरच्या वर्णावरणातून येतात आणि तिथलं तापमान जास्त आहे. सूर्यापासून दूर जाताना वातावरण तापत कसं जातं, या कोड्याची पहिली पायरी मुलांनी भंगारातल्या डिशने मोजलेली असते.

ढग आले तर?

पातळ ढगांनी फारसं बिघडत नाही. सूर्य डोळ्यांना दिसेनासा झाला तरी काटा वरच राहतो, आणि मुलांना ते पाहून फार नवल वाटतं. पावसाचे काळे ढग मात्र या वारंवारितेला लहरी शोषतात आणि स्वतःही टाकतात.

चंद्र, गुरू, तारे दिसतील का?

चंद्र अवघड आहे. त्याच्यामुळे ६० सेंटीमीटरच्या डिशवर जेमतेम चार-पाच केल्विनची भर पडते आणि काट्याला ती कळत नाही. दीड-दोन मीटरची डिश आणि एसडीआर असेल तर प्रयत्न करावा. गुरूसाठी वेगळाच, २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा तारेचा अँटेना उभारावा लागतो. तारे विसरा.

हायड्रोजनची दुर्बीण शाळेत बनते का?

अकरावी-बारावीच्या मुलांनी नेटाने घेतलं तर बनते. हायड्रोजनचा अणू १,४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटीमीटरची लाट सोडतो. ही लाट सापडावी असं भाकीत हॉलंडच्या व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केलं, आणि हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी १९५१ मध्ये ती पकडली. त्यांनी वापरलेला शिंगाच्या आकाराचा अँटेना प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला होता. आपणही तसंच शिंग बनवायचं: जाड पुठ्ठा किंवा थर्माकोलचे बोर्ड, आतून अॅल्युमिनियमचा फॉइल, आणि मागच्या टोकाला पत्र्याचा डबा.

डब्याची निवड महत्त्वाची. गोल डबा साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचा हवा. साडेबारापेक्षा अरुंद असेल तर २१ सेंटीमीटरची लाट त्यात शिरतच नाही. सोळाच्या पुढे गेला तर ती एकाहून अधिक तऱ्हांनी चालू लागते. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा सगळ्यांना सुचतो, पण तो याच कारणाने फार रुंद पडतो. १५ सेंटीमीटरच्या डब्यात बंद टोकापासून सव्वानऊ सेंटीमीटरवर भोक पाडून ५.३ सेंटीमीटरची तांब्याची तार आत उभी करा. तारेला लगेच, केबल न लांबवता, १,४२० मेगाहर्ट्झसाठीचा गाळणीसह (फिल्टर) येणारा प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) जोडा आणि तिथून डोंगलला.

शिंग सरळ डोक्यावर रोखून ठेवलं तरी चालतं. पृथ्वी फिरताना आकाशगंगेचा पट्टा आपणहून समोरून जातो. महाराष्ट्रातून तो दिवसातून दोनदा माथ्यावरून जातो, एकदा मृग नक्षत्राच्या बाजूचा आणि एकदा श्रवणाच्या बाजूचा. श्रवणाकडचा भाग जानेवारीच्या सुरुवातीला दुपारी एक-दीडच्या सुमारास माथ्यावर असतो. भर दुपारी, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, आकाशगंगा पाहता येते ही गोष्ट शिक्षकांनाही आधी पटत नाही. काही मिनिटांच्या नोंदींची सरासरी काढली की १,४२०.४ च्या आसपास उंचवटा उभा राहतो. वायू आपल्याकडे येत असेल तर तो थोडा वर सरकतो, दूर जात असेल तर खाली. दर सेकंदाला एक किलोमीटरमागे ४.७ किलोहर्ट्झ. याच सरकण्यावरून आकाशगंगा फिरते हे मोजलं गेलं.

मोबाइलमुळे गडबड होते का?

होते. एलएनबीकडून येणारा सिग्नल ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि मोबाइलचे १,८०० आणि २,१०० चे पट्टे त्यातच येतात. ढिला कनेक्टर किंवा हलकी केबल असली की काटा विनाकारण नाचतो. फोन दूर ठेवायला सांगा, आणि लगतच्या इमारतीवर टॉवर असेल तर जागा बदला.

अशा घरगुती उपकरणाला खऱ्या रेडिओ खगोलशास्त्रात काही स्थान आहे का?

या शास्त्राची सुरुवातच अशा उपकरणांनी झाली. कार्ल जान्स्की यांना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दूरध्वनीतल्या खरखरीचा उगम शोधताना आकाशगंगा सापडली. ग्रोट रेबर यांनी १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या आपल्या घराच्या अंगणात नऊ मीटरची डिश स्वतः उभारली. आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या सहा फुटी ३२ डिश आणून १९६५ मध्ये कल्याणला सूर्यासाठी दुर्बीण केली. त्यानंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण, आणि मग खोडदची. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदचं जीएमआरटी लोकांसाठी खुलं होतं आणि शाळा तिथे आपले प्रकल्प मांडतात. गच्चीवरची डिश घेऊन जायला याहून चांगली जागा नाही.

प्रयोग झाल्यावर उपकरण ठेवायचं कसं?

एलएनबीच्या तोंडाचं प्लॅस्टिकचं झाकण फुटलेलं नाही ना पाहा. आत पाणी गेलं की तो संपला. पावसाळ्यात डिश बाहेर राहिली तरी चालेल, पण एलएनबी काढून कोरड्या कपाटात ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा भरा. आरशाचे तुकडे मात्र डिशवरून काढू नका, पुढच्या वर्गाला लागतील.